खर्जाचं बोट धरून: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात पियानोवादक हर्बी हॅन्कॉकच्या १९७० ते १९७५ या काळातल्या ध्वनिमुद्रणांवर टिपण आलं होतं. आधी ‘म्वांदिशी’ या नावाने ओळखला जाणारा सहा-सात जणांचा प्रयोगशील चमू, आणि तो मोडल्यावर उभा राहिलेला, जॅझ-फंकला घराघरांत नेणारा ‘हेडहंटर्स’. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

‘हेड हंटर्स’ अल्बम मला तोंडपाठ आहे. तुमचं टिपण वाचून ‘क्रॉसिंग्ज’ लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. हीच माणसं का ही? कुठून शिरायचं? — सांगली

माणसं ही नव्हेत, आणि अडचणीचं निम्मं कारण तेच आहे. म्वांदिशीमधून हेडहंटर्समध्ये हॅन्कॉकखेरीज एकच वादक आला, बेनी मॉपिन. तो टेनर सॅक्सोफोन, सोप्रानो, बासरी आणि बेस क्लॅरिनेट वाजवतो. दोन्ही चमूंमध्ये ये-जा करायची तर त्याच्या बेस क्लॅरिनेटच्या मागे जा. जाड, लाकडी, घशातून आल्यासारखा तो आवाज एकदा ओळखीचा झाला की वाट चुकत नाही.

सुरुवात तुमच्या पाठ असलेल्या अल्बममधूनच करा. ‘हेड हंटर्स’मधली शेवटची रचना, ‘व्हेन मेल्टर’, ९ मिनिटं ९ सेकंदांची आहे. बहुतेक लोक ‘कमेलियन’ ऐकून थांबतात आणि हिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ताल संथ आणि जवळजवळ एकसुरी, त्यावर तेच बेस क्लॅरिनेट. जुन्या चमूचं वातावरण या एका रचनेत जसंच्या तसं उरलं आहे. ती तीन-चार वेळा ऐका. मग ‘सेक्स्टंट’ (१९७३) मधलं ‘हिडन शॅडोज’, मग ‘म्वांदिशी’ (१९७१) अल्बममधलं ‘ऑस्टिनाटो’. या दोन्हींत बेसचा (खर्जातल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांच्या तारवाद्याचा) एक तुकडा पुनःपुन्हा येतो, त्यामुळे पायाखाली जमीन असते. त्यानंतर ‘यू विल नो व्हेन यू गेट देअर’ आणि ‘क्रॉसिंग्ज’ (१९७२) या एलपीची मागची बाजू. तुम्ही जिथे अडलात ते ‘स्लीपिंग जायंट’ अगदी शेवटाकडे ठेवा. ते २४ मिनिटं ५० सेकंदांचं आहे आणि सुरुवातीला नुसती तालवाद्यं चालू राहतात. त्यात सूर शोधणारा माणूस तिथेच गळतो.

‘स्लीपिंग जायंट’ ऐकताना कागद घ्या आणि फक्त एवढंच टिपा: बेस कधी थांबला, कधी पुन्हा सुरू झाला. बस्टर विल्यम्सचा बेस थांबला की रचनेचा एक खण संपला, असं ढोबळमानाने धरता येतं. दुसऱ्या वेळी ते पंचवीस मिनिटांचं जंगल राहत नाही, चार-पाच खोल्यांचं घर होतं.

म्वांदिशी म्हणजे अवघड आणि हेडहंटर्स म्हणजे सोपं, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. फरक आहे तो आवर्तन, म्हणजे फिरून फिरून येणारं मात्रांचं चक्र, कुणी धरायचं याचा. म्वांदिशीत बहुधा एकटा बेस आवर्तन धरतो आणि बाकीचे मोकळे सुटतात. हेडहंटर्समध्ये प्रत्येकाकडे एकेक छोटा तुकडा असतो, तो आपापल्या जागी तसाच ठेवायचा, आणि मोकळा एका वेळी एकच जण. म्हणून दोन्हीकडे कान आधी खर्जाला लावायचा.

मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका. त्या स्पीकरमधून १०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज जवळजवळ येतच नाही, आणि इथे सगळा हिशोब तिथेच मांडलेला आहे. साधे, कान झाकणारे हेडफोनही चालतील.

मी तबला शिकते. ‘ऑस्टिनाटो’ १५ मात्रांचं आणि ‘हिडन शॅडोज’ १९ मात्रांचं आहे असं टिपणात वाचलं. मोजायला बसले की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सम हातून जाते. — डोंबिवली

सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जाते ती पायामुळे. ‘ऑस्टिनाटो’ १५/८ मध्ये आहे. म्हणजे मोजायच्या मात्रा आठव्या भागाच्या, जलद. पण ऐकताना पाय आपोआप त्याच्या निम्म्या गतीने, दर दोन मात्रांना पडतो. १५ हा आकडा विषम. त्यामुळे पहिल्या आवर्तनात पाय समेवर पडतो, दुसऱ्यात सम नेमकी पायाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये येते, तिसऱ्यात पाय पुन्हा समेवर. पाय ३० मात्रांनी जागेवर येतो आणि तुम्ही १५ ची वाट बघत असता. दुसऱ्या आवर्तनात ‘आपलं चुकलं’ असं वाटून आपण पाय दुरुस्त करायला जातो, आणि खरी चूक तिथे होते.

उपाय: पाय बंद. हाताच्या पेरांवर ८ आणि ७ असे दोन भाग करून मोजा. बेसचा तुकडा तसाच ऐकू येतो: एक पूर्ण वाक्य, मग तेवढंच पण एक मात्रा कापलेलं दुसरं. दुसरं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू झाल्यासारखा जो हिसका बसतो, ती सम. हा हिसका कानाला कळला की आकडे सोडून द्या. पहिले दहा-बारा दिवस फक्त सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं घ्या, कारण पुढे ड्रम्स समेला झाकतात. या रचनेत ड्रमवादक दोन आहेत, बिली हार्ट आणि पाहुणा लिऑन ‘एनडुगू’ चान्सलर. शिवाय गिटारवादक सॅन्टानाच्या चमूतला चेपितो आरेआस तालवाद्यांवर. तिघांपैकी कुणीही समेवर ठोका दिलाच पाहिजे असं मानत नाही.

पंचम सवारी या तालाच्याही मात्रा १५, म्हणून तिचा ठेका यावर बसवून पाहायचा मोह होईल. तो टाळा. सवारीचे विभाग ३-४-४-४, इथली मोडणी ८-७. आणि इथे खाली-भरी, म्हणजे हलक्या आणि ठाशीव विभागांची अदलाबदल, नाहीच. ठेका लावलात तर विभागांच्या टाळ्या बेसच्या वाक्याला आडव्या येतील आणि दोन्ही बिघडतील.

‘हिडन शॅडोज’मध्ये १९ मात्रा चौथ्या भागाच्या, सावकाश आहेत. तिथे १ ते १९ मोजत बसलात तर डोकं दुखेल. बेसच्या वाक्याचा पहिला स्वर ओळखा आणि फक्त त्याच्यावर टाळी द्या, मधलं काही मोजू नका. सलग आठ टाळ्या बरोबर पडल्या की मगच मधल्या मात्रा भरा. १९ सुद्धा विषम असल्याने एक आड एक आवर्तनात मान डोलवायची जागा उलटते; ती उलटू द्या.

या तीन अल्बमांत तबला नाही. पण हॅन्कॉक, मॉपिन आणि बिली हार्ट हे तिघे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’ या अल्बमवर आहेत, आणि त्यावर तबल्याला बादल रॉय आहेत. तिथे तबला ठेका धरत नाही, आख्ख्या गलबल्यात एक आवाज म्हणून मिसळतो. तबल्याच्या विद्यार्थ्याने हे ऐकावंच. आपल्या वाद्याकडून लोक दुसरं काय काय मागू शकतात ते त्यात कळतं.

‘कमेलियन’मधला गिटारवादक कोण? अल्बमवर नाव सापडत नाही. आणि बेस नक्की कोण वाजवतंय? हार्मोनियमवर बसवायचं आहे. — नाशिक

नाव सापडणार नाही, कारण गिटारवादक नाहीच. पाच जण आहेत: हॅन्कॉक, मॉपिन, बेस गिटारवर पॉल जॅक्सन, ड्रम्सवर हार्वी मेसन, तालवाद्यांवर बिल समर्स. गिटार मुद्दामच घेतलेली नाही. तिची जागा क्लॅव्हिनेटने भरली आहे. क्लॅव्हिनेट म्हणजे पट्टी दाबली की खालून रबरी टोक तारेवर आपटतं असं विजेवर चालणारं वाद्य. आवाज तारेचाच असल्यामुळे कान फसतो, आणि वा-वा पेडलमधून (पायाने दाबून आवाज ‘वाँव-वाँव’ असा उघडझाप करणाऱ्या यंत्रातून) काढला की फारच फसतो.

दुसरी फसगत याहून मजेची आहे. सुरुवातीला जो प्रसिद्ध बेसचा तुकडा ऐकू येतो तो बेस गिटारचा नाही. तो हॅन्कॉकने आर्प ऑडिसी या सिंथेसायझरवर वाजवला आहे. मग ड्रम्स येतात. मग जे तुटक, दाबून वाजवलेल्या गिटारसारखं काहीतरी येतं, तो पॉल जॅक्सन आहे, आपल्या बेस गिटारच्या वरच्या टोकाला वाजवतोय. म्हणजे खर्ज सिंथेसायझरकडे, गिटारची जागा बेसकडे आणि क्लॅव्हिनेटकडे. त्यानंतर सॅक्सोफोनवर धून. प्रत्येक थर एकटा ऐकता यावा म्हणून तो उशिराने आणला आहे. पहिल्या दोन मिनिटांत पाचही कामं सुटी सुटी ओळखून घ्या. नंतर ती एकमेकांत अडकतात.

हार्मोनियमसाठी: सा काळी पाच. चक्र दोन कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांचं) आहे, एक बी फ्लॅट मायनर सेव्हन्थ आणि दुसरा ई फ्लॅट सेव्हन्थ, प्रत्येकी चार मात्रा. आपल्या भाषेत सा आणि म वर आळीपाळीने मुक्काम. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे स्वरांपुरता काफी थाट. रागाशी नातं जोडू नका, पण बोटं कुठे ठेवायची ते यातून कळेल. दुसऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध धैवत येतो. तिथे सवयीने कोमल धैवत लावलात तर सगळं उदास होऊन बसतं आणि ‘कमेलियन’ राहत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते सुरुवातीलाच. पहिला ऐकू येणारा स्वर सम नाही. लागोपाठच्या अर्ध्या स्वरांवरून चढत येणारा तो मुखडा आहे, आणि तो ज्या स्वरावर टेकतो ती सम. ड्रम्स येईपर्यंत बरेच जण मुखड्यालाच सम धरतात आणि मेसनचा पहिला ठोका आला की गडबडतात. मुखड्यापासून टाळी न देता तो टेकेल तिथून द्या.

रचना १५ मिनिटं ४१ सेकंदांची आहे. साधारण मध्यावर सगळं बदलतं: बेसचा तुकडा जातो, दुसरी कॉर्डची मालिका येते, फेंडर ऱ्होड्‌स या इलेक्ट्रिक पियानोवर हॅन्कॉक लांबलचक वाजवतो. तुम्ही ऐकताय ते तीन मिनिटांच्या आसपास संपत असेल तर ती रेडिओसाठी कापलेली, सुटी काढलेली आवृत्ती (सिंगल) आहे. तिच्यात हा भाग नाही.

‘वॉटरमेलन मॅन’च्या सुरुवातीची बासरी कसली? — फोंडा, गोवा

बासरी नव्हे, बिअरची बाटली आहे. बिल समर्स तिच्या तोंडावर फुंकतो आणि फुंकेच्या मध्ये आपल्या आवाजात वरचा स्वर काढतो. मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची ‘हिंदेव्हू’ नावाची पद्धत अशीच आहे: एका स्वराची शिट्टी आणि गळा यांची अदलाबदल. त्यांची शिट्टी पपईच्या पोकळ दांड्याची असते. समर्सने ती त्यांच्या ध्वनिमुद्रणावरून उचलली. ज्यांची ही कला, त्यांना त्या खपातून काही मिळालं नाही, ही गोष्ट हे सुरेख सेकंद ऐकताना लक्षात ठेवली पाहिजे असं आम्हाला वाटतं.

मूळ ‘वॉटरमेलन मॅन’ हॅन्कॉकच्या १९६२ च्या पहिल्या अल्बमवर आहे. १९७३ ची नवी मांडणी ड्रमवादक हार्वी मेसनची. दोन्ही एकामागोमाग लावा. धून तीच आहे, पण दुसऱ्यात ती यायला किती वेळ लावलाय ते पाहा.

सगळ्यांना स्वाहिली नावं का? — पुणे

त्या काळात अनेक आफ्रिकी-अमेरिकी कलावंत अशी नावं घेत होते. इथे ती तालवादक जेम्स म्टुमेकडून आली. म्वांदिशी म्हणजे लिहिणारा, रचनाकार. तेच हॅन्कॉकचं नाव, या चमूच्या पहिल्या अल्बमचं आणि चमूचंही. बस्टर विल्यम्स म्चेझाजी, म्हणजे खेळणारा किंवा वाजवणारा. ट्रम्पेटवादक एडी हेंडरसन म्गांगा, म्हणजे वैद्य, आणि तो खरोखरच डॉक्टर होता. ट्रॉम्बोनवादक ज्युलियन प्रीस्टर पेपो म्टोटो. ‘ऑस्टिनाटो’चं उपशीर्षकही याच हवेतलं आहे, ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिसला उद्देशून आहे.

एका ओळखीच्यांकडून ‘क्रॉसिंग्ज’ आणि ‘सेक्स्टंट’च्या जुन्या एलपी मिळाल्या. कव्हरला बुरशी, तबकडीवर पांढरे ठिपके. ‘क्रॉसिंग्ज’ची पहिली बाजू शेवटी शेवटी खरखरते. धुतल्याने जाईल का? — रत्नागिरी

बुरशी जाईल. खरखर कदाचित अर्धीच जाईल, आणि त्याचं कारण धूळ नाही.

आधी धुणं. डिस्टिल्ड वॉटर चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, अर्ध्या लिटरला एकच. नळाचं पाणी नको. क्षार खाचांत सुकून बसतात आणि कायमचे टिकटिकतात. मधलं लेबल कोरडं ठेवा. मऊ मायक्रोफायबर फडका खाचांच्या दिशेने, गोलाकार फिरवा. आडवा कधीच नाही. पाच मिनिटं ओलं राहू द्या, पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. फेस राहिला तर सुईला चिकट मळी जमते, म्हणून दुसरं धुणं टाळू नका. उभी करून सावलीत अर्धा-पाऊण तास. उन्हात ठेवलीत तर वाकेल आणि मग उपाय नाही. हे सगळं व्हिनाइलसाठी. घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लागता कामा नये, लाख विरघळते.

बुरशी लागलेलं आतलं कागदी पाकीट टाकून द्या. धुतलेली तबकडी पुन्हा त्यात घातली की महिन्याभरात ठिपके परत येतात. बाहेरचं कव्हर कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली. मऊ पीव्हीसीच्या जाड पिशव्या वापरू नका, कोकणच्या हवेत त्या तबकडीवर धुरकट डाग पाडतात. पॉलिथिनची साधी पिशवी बरी. पावसाळ्यात कपाटात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा, आणि रंग बदलला की तापवून घ्या.

आता खरखर. एलपीच्या एका बाजूला १८-२० मिनिटं सुखाने मावतात. ‘क्रॉसिंग्ज’ची पहिली बाजू म्हणजे आख्खं ‘स्लीपिंग जायंट’, जवळजवळ २५ मिनिटं. एवढं बसवायला खाचा दाटीने आणि उथळ कापाव्या लागतात, म्हणून आवाज मुळात हळू. तुम्ही तो वाढवता, त्याबरोबर खरखरही वाढते. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरताना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला सुमारे २१ च. तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा. झिजलेली किंवा गोल टोकाची सुई तिथे खाचेच्या बारीक वळणात शिरू शकत नाही, आणि ट्रम्पेट फाटल्यासारखा येतो. लंबवर्तुळाकार टोकाची सुई लावून पाहा. सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या डबीच्या) कागदावर दिलं असेल त्याच्या वरच्या मर्यादेजवळ ठेवा. ‘रेकॉर्ड झिजेल’ म्हणून वजन कमी करणारे लोक उलट जास्त झीज करतात, कारण हलकी सुई खाचेत उडते. आधीच्या मालकाने बोथट सुईने खाच खरवडली असेल तर मात्र नवी सुईही काही करू शकत नाही.

‘सेक्स्टंट’च्या कव्हरला सोनेरी चौकट आणि क्रमांकाआधी ‘सीक्यू’ अक्षरं आहेत का पाहा. असतील तर ती चार स्पीकरांसाठीची क्वाड्राफोनिक प्रत. साध्या यंत्रावर ती वाजते, पण वाद्यांचा तोल नेहमीच्या प्रतीपेक्षा वेगळा लागेल. तो दोष समजू नका.

हॅन्कॉकच्या नावाने शोधल्यावर म्वांदिशी चमूचे तीनच अल्बम येतात. एवढंच आहे का? — एडिसन, न्यू जर्सी

हॅन्कॉकच्या नावावर तीनच: ‘म्वांदिशी’ आणि ‘क्रॉसिंग्ज’ वॉर्नरचे, ‘सेक्स्टंट’ कोलंबियाचा. पण चमू दुसऱ्यांच्या नावाखाली वाजत राहिला आणि तिथे शोधणारे कमी. एडी हेंडरसनचे ‘रिअलायझेशन’ (१९७३) आणि ‘इनसाइड आउट’ (१९७४) लावा. हॅन्कॉक, मॉपिन, विल्यम्स, हार्ट सगळे आहेत. ट्रम्पेटकडे सूत्रं आल्याने रचना आखूड आणि धारदार झाल्या आहेत. मॉपिनचा ‘द ज्वेल इन द लोटस’ (१९७४) याच्या उलट, इतका शांत की रात्रीच ऐकावा. प्रीस्टरचा ‘लव्ह, लव्ह’ही त्याच वर्षीचा, आणि त्यावर पॅट्रिक ग्लीसन आहे.

ग्लीसनकडे विशेष लक्ष द्या. सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा स्टुडिओ होता. हॅन्कॉक त्याच्याकडे गेला तो सिंथेसायझर समजून घ्यायला, आणि ‘क्रॉसिंग्ज’वरचे मूग या सिंथेसायझरचे आवाज शेवटी ग्लीसननेच, मूळ ध्वनिमुद्रणावर नंतर चढवले. पुढे तो आर्प २६०० हा सिंथेसायझर घेऊन चमूबरोबर मंचावर आला. ‘सेक्स्टंट’मधलं ‘रेन डान्स’ याच यंत्राच्या टपटपीवर उभं आहे. ‘हॉर्नेट्स’मधली गुणगुण मात्र यंत्राची नाही, मॉपिन हम-अ-झू नावाचं खेळण्यातलं वाद्य तोंडात धरून वाजवतोय.

हेडहंटर्सच्या बाजूने ‘थ्रस्ट’ (१९७४) घ्या. ड्रम्सवर मेसनऐवजी माइक क्लार्क आला आणि चमू पुन्हा अवघडाकडे वळला. ‘अ‍ॅक्च्युअल प्रूफ’मध्ये क्लार्कचे हात-पाय क्वचितच एकत्र पडतात, ठोके एकामागोमाग एका ओळीत येतात. नवख्याला सम सापडत नाही. तिथे पॉल जॅक्सनकडेही जाऊ नका, तोही निसटतो. धून जिथे परत येते तिथेच पकडा. हॅन्कॉकशिवायचा, चमूच्या स्वतःच्या नावाचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (१९७५) वेगळा शोधावा लागतो. ‘फ्लड’ हे १९७५ चं टोकियोतलं मंचावरचं ध्वनिमुद्रण. ते त्या वेळी फक्त जपानात निघालं होतं. त्यावर ‘कमेलियन’ आहे, ‘अ‍ॅक्च्युअल प्रूफ’ आहे आणि सुरुवातीला एकट्या पियानोवर ‘मेडन व्हॉयेज’. ते शांतपणे सुरू होतं, म्हणून आवाज वाढवून ठेवू नका.